रेचल मॅडमच्या तीन लाथा

साईनाथ जगदाळेने त्या मंगळवारी ना गॅसचं सिलिंडर उचललं होतं, ना कपाट सरकवलं होतं. त्याने उचलला तो माउस. टेबलावरून खाली पडलेला, वजनाने लिंबाएवढा. तो घ्यायला खुर्चीतल्या खुर्चीत वाकला आणि कमरेच्या जरा वर, डाव्या बाजूला, कुणीतरी आतून कडी घालावी तसं झालं. माउस हातात आला, पण साईनाथ वर आला नाही.

टेबल म्हणजे तरी काय, ते त्याच्या आईचं, रखमाबाईंचं शिलाई मशीन होतं. साईनाथची कंपनी बोटीने परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करायची. तिचं ऑफिस पूर्वी ठाण्याला होतं. लॉकडाऊनमध्ये सगळे घरी बसले आणि तरी काम काही अडलं नाही, तेव्हा मालकांनी विचार केला की मग जागा तरी कशाला हवी, आणि ऑफिसच बंद करून टाकलं. साईनाथला आनंद झाला. जाण्यायेण्याचे तीन तास वाचले, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. हे वाचलेले तीन तासही आपण बसूनच काढणार आहोत, हे त्याच्या ध्यानात यायला बराच काळ गेला.

डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर त्याचं वन बीएचके. बेडरूममध्ये पलंग आणि कपाट, हॉलमध्ये दिवाण, टीव्ही, फ्रिज आणि खिडकीशी ते मशीन. मशीनचं डोकं आत पाडून वरची फळी मिटवली की लॅपटॉप बरोब्बर मावायचा. फळी होती ठेंगणी, त्यामुळे साईनाथला दिवसभर मान घालून बसावं लागे. खाली पायाशी पॅडल तसंच होतं. मीटिंग सुरू झाली की त्याचे पाय आपोआप त्यावर जायचे आणि मीटिंग जितकी तंग तितकं ते पॅडल जोरात चालायचं. "एवढ्यात दोन परकर शिवून झालं असतं," असं रखमाबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

आधी मान धरली. मग उजवा खांदा. मग मनगटात कळ यायला लागली आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण बायको उघडून द्यायला लागली. बायको रुचिता कल्याणच्या एका शाळेत शिकवायची, दिवसभर उभी असायची आणि तिचं काही दुखत नसे. "एक धड टेबल-खुर्ची घेऊ या," असं ती दर महिन्याला म्हणे. "ठेवायची कुठे?" असं साईनाथ विचारी. दोघंही हॉलभर नजर फिरवत आणि विषय तिथे मिटे.

तर त्या मंगळवारी साईनाथ माउस हातात धरून, कपाळ मशीनच्या फळीला टेकवून बसला होता.

"आई," तो म्हणाला, "जरा इकडे ये."

"मेथी निवडतीय."

"आई, मला वर होता येत नाही."

रखमाबाई आल्या. त्यांनी मुलाला डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. चाळीस वर्षं डोंबिवलीत काढून त्यांच्या बोलण्यातला गाव काही गेला नव्हता.

"उसण भरली," त्या म्हणाल्या. आवाजात काळजी होती, पण थोडं समाधानही होतं. इतके दिवस मुलगा जे सांगत होता, स्पाँडिलायटिस म्हणे, पोश्चर म्हणे, त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. उसण त्यांना कळत होती. "आता पायाळू मानूस बघाय पायजे."

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. अशा माणसाने पाठीत लाथ मारली की उसण जाते, हे रखमाबाईंच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

साईनाथ म्हणाला, "मला लाथ नको, मला गोळी दे."

संध्याकाळी रुचिता आली आणि तिने त्याला अर्ध्या तासात तीन जिने उतरवून तळमजल्यावरच्या सान्वीकडे नेलं. सान्वी फिजिओथेरपिस्ट, वयाने सव्वीस, शांत. तिने त्याची पाठ चाचपली, स्नायू आखडलाय म्हणाली, शेक दिला आणि कुठे बसून काम करता ते विचारलं. शिलाई मशीन ऐकल्यावर तिने पेन खाली ठेवलं.

"काका, मी कितीही शेक दिला तरी तुम्ही परत तिथेच बसणार असाल तर उपयोग नाही. टेबल बदला. दर चाळीस मिनिटांनी उठा. हे चार व्यायाम करा."

सोबत आलेल्या रखमाबाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरी, तू पायाळू हैस का?"

"नाही आजी. मी सिझेरियन."

जिना चढताना रखमाबाई हळहळत होत्या. "आता समदीच सिझेरियन. पायाळू उरनार कुठनं?"

तरी त्यांनी शोध सोडला नाही. रात्री जेवण होईपर्यंत सहा फोन झाले. त्यांचा सख्खा भाऊ दौलत पक्का पायाळू, पण तो गावाला, वय बहात्तर, आणि त्याच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी त्याला पाय उचलायला बंदी केली होती. त्याने मोठ्या मनाने व्हिडिओ कॉलवरून लाथ मारायची तयारी दाखवली. "फोन पोराच्या पाठीला लाव, मी हितनं झटका देतो," तो म्हणाला. रखमाबाईंनी विचार केला आणि नको म्हटलं. ऑफिस घरून चालत असेल, लाथ चालत नाही. ती अंगाला लागायला हवी.

बुधवारी सकाळी दहाला टीमची मीटिंग होती. साईनाथ हॉलमध्ये चटईवर उताणा पडला होता आणि लॅपटॉप बाजूच्या स्टुलावर वाकडा ठेवला होता. बाकीच्यांना पडद्यावर त्याची हनुवटी आणि वरचा पंखा दिसत होता. मीटिंग घेत होत्या त्याच्या मॅनेजर, रेचल परेरा. बाई ठाण्याला राहायच्या, वय त्रेचाळीस, बोलणं मोजकं. त्यांच्या मेलच्या वर 'जंटल रिमाइंडर' असं लिहिलेलं असे आणि तो आला की टीममधले अकराही जण हातातलं काम टाकून आधी तो उघडत. गुरुवारी हॅम्बुर्गच्या एका मोठ्या गिऱ्हाइकासमोर सादरीकरण होतं आणि त्यातली निम्मी माहिती फक्त साईनाथच्या डोक्यात होती.

"साईनाथ, उद्या तू बसू शकशील का?" रेचल मॅडमनी विचारलं.

तो काही बोलायच्या आत रखमाबाई फोन हातात घेऊन हॉलमध्ये आल्या. "साई, त्यो कळव्याचा पायाळू बी न्हाई रं. वारला म्हनं गेल्या साली. आता तुला लाथ माराय मानूस आनायचा कुठनं?"

माइक चालू होता. पंख्याखालच्या हनुवटीने डोळे मिटलेले कुणाला दिसले नाहीत, पण शब्द सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेले. सूरज नावाच्या सहकाऱ्याने चॅटमध्ये लोळून हसणारे पाच चेहरे टाकले.

"साईनाथ, म्यूट प्लीज," रेचल मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या मुद्द्यावर गेल्या.

मीटिंग संपल्यावर दहाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. साईनाथने माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी ती मध्येच थांबवली.

"तुझ्या आईंना एक विचार. तुमच्याकडे लाथ कुठल्या पायाने मारतात?"

"मॅडम?"

"आमच्या गावात डाव्या पायाने मारायचे."

साईनाथला पाठीबरोबर डोकंही धरल्यासारखं झालं. "मॅडम, तुम्ही…"

"हो," रेचल मॅडम म्हणाल्या. एखादा जुना आजार कबूल करावा तसा त्यांचा आवाज होता. "आहे मी. उद्याचं प्रेझेंटेशन आहे म्हणून विचारतेय. माझा विश्वास वगैरे काही नाही. पण तुझ्या आईंचा आहे ना?"

त्या दुपारी निघाल्या. शीळफाट्याला दीड तास अडकल्या आणि सव्वाचारला पोचल्या. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, चेहरा मीटिंगमधला. रखमाबाईंनी त्यांचे पाय धुवायला तांब्याभर पाणी पुढे केलं तेव्हा मात्र त्या चेहऱ्याचं काय करावं हे त्यांना कळेना.

"आई, प्लीज. असं काही नको."

"पायाचा मान हाय तो, पोरी. तुझा न्हाई."

उसण काढायची ती उंबऱ्यावर, असं रखमाबाईंचं म्हणणं. फ्लॅटला उंबरा एकच, मुख्य दाराचा. साईनाथला चटईसकट ओढत तिथे नेण्यात आलं आणि पालथं घालण्यात आलं. छाती घरात, पाय पॅसेजमध्ये. गाल फरशीला टेकला होता. त्याला समोर चपलांचं स्टँड दिसत होतं आणि मागे आपली मॅनेजर बॅग खाली ठेवून पँट वर दुमडतेय, एवढं आवाजावरून कळत होतं. पंधरा वर्षांच्या नोकरीत अप्रेझलच्या वेळी त्याला जे नुसतं वाटायचं, ते आज खरोखर होणार होतं.

पहिली लाथ लागली की नाही हेच त्याला कळलं नाही. हाच काय तो खरा जंटल रिमाइंडर, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"आगं जरा मनापासनं मार," रखमाबाई म्हणाल्या. "लोणी लावतीस व्हय?"

दुसरी जरा बरी बसली. कळ जिथल्या तिथे होती.

शाळेतून आलेली रुचिता त्याच वेळी शेवटचा जिना चढून वर आली. तिला दिसलं ते असं: नवरा दारात पालथा पडलाय, सासू कमरेवर हात ठेवून उभी आहे आणि ऑफिसच्या कपड्यांतली एक अनोळखी बाई त्याच्यावर पाय उगारतेय.

"काय चाललंय?" रुचिताने विचारलं.

"ह्या साईच्या सायबीण," रखमाबाई म्हणाल्या.

रेचल मॅडम इतक्या ओशाळल्या की उगारलेला पाय त्यांना आवरता आला नाही. तिसरी लाथ खाड्‌कन बसली. साईनाथच्या डोळ्यांपुढे चपलांचं स्टँड दोन झालं. आता चौथी येणार, ती याहून जोरात असणार, एवढं एकच त्याला सुचलं आणि तो दोन्ही हातांवर जोर देऊन, दात-ओठ खात उठून बसला.

"बघ," रखमाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"खरंच बसला," रेचल मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना हसताना साईनाथने कधी पाहिलं नव्हतं. हसणं एखाद्या मुलीचं होतं. त्या हसण्याकडे बघून त्याने मनातलं मनातच ठेवलं.

"गेली?" रखमाबाईंनी विचारलं.

"गेली," साईनाथ म्हणाला.

चहा, मग गरम थालीपीठ, मग पुन्हा चहा झाला. रेचल मॅडमनी बोलता बोलता सांगितलं की त्यांचं गाव ठाण्यातच खाडीकडे, आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत. त्या लहान असताना गावात भातशेती होती. लावणीचे दिवस आले की रोज सकाळी दारात माणसं येऊन बसायची. "शाळेत जायच्या आधी माझ्या दोन-तीन पाठी व्हायच्या. सात वर्षांची असेन. आमचे आर्थर अंकल तर दर आठवड्याला यायचे. गावात कुणी मला रेचल म्हणायचंच नाही. लाथवाली कुठाय, असं विचारायचे. शाळेत पोरंही तेच म्हणायला लागली. बाराव्या वर्षी मी दार लावून घेतलं आणि सांगितलं, बास. त्यानंतर आज." मग त्या साईनाथकडे वळल्या. "ऑफिसात कुणाला कळता कामा नये."

"नाही कळणार, मॅडम."

जाण्याआधी रखमाबाईंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. "पोरी, तुझी मान वाकडी का?"

"असंच. दोन वर्षं झाली."

रखमाबाईंनी तेल कोमट केलं आणि वीस मिनिटं त्यांची मान चोळली. मॅनेजर बाई दिवाणावर डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचा फोन बाजूला वाजत होता, तो त्यांनी घेतला नाही.

गुरुवारचं सादरीकरण साईनाथने गरम पाण्याची पिशवी आणि तीन उशा यांच्या जोरावर पार पाडलं. हॅम्बुर्गची माणसं खूश झाली. शुक्रवारी सूरजचा फोन आला. त्याला नुसतं विचारायचं होतं की परवा पडून होतास आणि काल बसलास कसा, कारण त्याचा स्वतःचा खांदा महिनाभर वर जात नव्हता. बिचारा कळवळून विचारत होता. साईनाथने दोन वेळा टाळलं. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडून निघून गेलं.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"वेडा आहेस का," सूरज म्हणाला.

सोमवारपर्यंत ती गोष्ट पुण्याला कंपनीच्या एचआरमध्ये पोचली होती. पायाळू, उसण, उंबरा, आई हे सगळं वाटेत गळून पडलं होतं. पोचलं ते एवढंच, की एका मॅनेजरने कर्मचाऱ्याच्या घरी जाऊन त्याला लाथा घातल्या.

चौकशी बुधवारी झाली, अर्थात व्हिडिओवरच. एचआरच्या अंतरा देशमुख, चौकशी कमिटीचे आणखी दोन सदस्य, एका चौकटीत रेचल मॅडम आणि एका चौकटीत साईनाथ, पुन्हा त्याच मशीनवर.

"घटनेच्या वेळी तुम्ही कुठे होता?" अंतराने विचारलं.

"उंबऱ्यावर. अर्धा आत, अर्धा पॅसेजमध्ये."

"उभे होता?"

"पालथा."

"म्हणजे आधी तुम्हाला खाली पाडण्यात आलं?"

"नाही, मी आदल्या दिवसापासूनच पडलेला होतो."

सदस्यांपैकी एकाने काहीतरी लिहून घेतलं आणि त्याचा चेहरा आणखी गंभीर झाला.

"तुमच्यावर कुणाचा दबाव होता?"

"होता." रेचल मॅडमच्या चौकटीत काहीतरी हललं. "आईचा," साईनाथ म्हणाला.

मग रखमाबाईंना बोलावण्यात आलं. त्या नवं लुगडं नेसून तयारच होत्या. त्यांनी पडद्यापुढे तोंड नेलं, इतकं की कमिटीला फक्त कुंकू दिसत होतं.

"आजी, हे सगळं साईनाथच्या मर्जीने झालं का?"

"त्याची मर्जी कोन इचारतंय? त्याला उसण भरलेली."

"मॅडमनी लाथा किती जोरात मारल्या?"

"पयली दोन काय कामाची न्हवती. मीच म्हनलं, मनापासनं मार. तिसरी ब्येस बसली. बाई गुनाची हाय, तिला काय बोलू नका. दीड तास शीळफाट्यावर उन्हात बसून आली, घोटभर पानी पिली आन् कामाला लागली."

अंतराने तोंडावर रुमाल धरला, खोकल्यासारखं केलं. मग साईनाथकडे वळून विचारलं, "आणि त्याने आराम पडला का?"

साईनाथने एकदा रेचल मॅडमच्या चौकटीकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या. "पडला," तो म्हणाला.

तेव्हा रेचल मॅडम बोलल्या. आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द वेगळा काढून ठेवला. "मी लाथ मारली. तीन वेळा. लिहून घ्या. आता माझा एक प्रश्न आहे. हा माणूस तीन वर्षं शिलाई मशीनवर काम करतोय आणि ते आपल्याला कुणाला ठाऊक नाही. मलाही नव्हतं. त्याच्या दारात उभी राहिले तेव्हा दिसलं. माझ्या टीममधले बाकीचे दहा जण कशावर बसतात, ते कंपनीने कधी विचारलंय?"

कुणी विचारलं नव्हतं. मग विचारण्यात आलं. प्रत्येकाने आपल्या बसायच्या जागेचा फोटो पाठवावा असं ठरलं आणि जे फोटो आले ते बघता बघता एचआरचं जेवण थंड झालं. एकाचा लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर होता. एकजण रिकाम्या सिलिंडरवर उशी टाकून बसत होती. सूरज पलंगावर पालथा पडून काम करायचा, म्हणून त्याचा खांदा.

निकाल दोन भागांत लागला. पहिला भाग म्हणजे एक परिपत्रक, की कुठल्याही कर्मचाऱ्याने दुसऱ्या कर्मचाऱ्याला, कार्यालयात अथवा निवासस्थानी, औषधोपचार म्हणून अथवा अन्य कारणाने लाथ मारू नये. त्यात कुणाचं नाव नव्हतं आणि सगळ्यांना नाव माहीत होतं. दुसरा भाग म्हणजे अकरा खुर्च्या आणि अकरा घडीची टेबलं. साईनाथचं टेबल मशीनच्या जागी आलं आणि मशीन बेडरूममध्ये गेलं, तेव्हा कळलं की जागा होती. कपाट फक्त दीड वीत सरकवायचं होतं. रुचिताने कपाटामागची धूळ तेवढी झाडून घेतली, आणि ते साईनाथला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पण रेचल मॅडम त्याच्याशी कामापुरतंच बोलायच्या. त्याने दिलेला शब्द मोडला होता. त्याने माफीचा लांबलचक मेल लिहिला. उत्तर आलं, "ओके. नोटेड." त्यापेक्षा चौथी लाथ बरी, असं त्याला वाटलं. तीन आठवड्यांनी पाठ पुन्हा आखडली. या वेळी त्याने घरात कुणाला न सांगता सान्वीचा जिना धरला आणि महिनाभर चार व्यायाम इमानाने केले. पाठ सुटली, हळूहळू, रोज थोडी थोडी.

जानेवारीत रेचल मॅडमचा मेल आला. वर जंटल रिमाइंडर नव्हतं. गावच्या चर्चची फेस्त, म्हणजे जत्राच, आहे, आईंना घेऊन या, एवढंच. रुचिताला धरून तिघं ठाण्याला गेली. टॉवरच्या सावलीत कौलारू घरांची एक गल्ली शिल्लक होती आणि प्रत्येक घरासमोर खुर्च्या मांडलेल्या होत्या. रखमाबाईंना गरम फुगे मिळाले. ते गोल, तळलेले, आतून पोकळ पाव. त्यांनी तीन खाल्ले आणि कृती विचारून घेतली.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा आला. रेचल मॅडम उठून उभ्या राहिल्या. "आर्थर अंकल."

"ह्याच पोराला लाथ मारलीस का?" म्हाताऱ्याने साईनाथकडे काठी केली. गल्लीला सगळं कळलेलं होतं. "बरा झाला?"

"झाला."

आर्थर अंकल खुर्चीत टेकले. "बेबी, मी आता शहाऐंशीचा. आता खोटं बोलून करायचंय काय. तुझ्या लाथेने माझी पाठ एकदाही बरी झाली नाही."

रेचल मॅडम तशाच उभ्या राहिल्या. "मग दर आठवड्याला यायचात कशाला?"

"तू यायचीस ती एवढासा चेहरा करून, शाळेचा युनिफॉर्म घालून. किती मन लावून मारायचीस. मग विचारायचीस, अंकल, गेली का? नाही म्हटलं असतं तर तू रडली असतीस. मी हो म्हणायचो. मग ऐकून बाकीचे यायचे, तेही हो म्हणायचे. पाठ काय, चार दिवसांनी आपली आपणच सुटायची."

ते उठून फुगे घ्यायला गेले. रेचल मॅडम त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग त्या साईनाथकडे वळल्या. हा चेहरा मीटिंगमधलाही नव्हता आणि त्या दुपारचाही नव्हता.

"साईनाथ, खरं सांग. त्या दिवशी तुला बरं वाटलेलं?"

साईनाथने आईकडे पाहिलं. ती रुचिताबरोबर शेजारच्या अंगणात कुणाच्या तरी गुडघ्याची चौकशी करत होती.

"नाही, मॅडम. पहिल्या दोन लाथांनी काहीच झालं नाही. तिसरीला मी उठून बसलो, कारण मला चौथी नको होती."

रेचल मॅडमनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या भिंतीला टेकल्या आणि इतक्या हसल्या की गल्लीतली माणसं वळून बघायला लागली. "आणि तू कमिटीसमोर सांगितलंस, आराम पडला?"

"तुम्ही खाली बघत होता."

त्यांनी डोळे पुसले. "सूरजला सांगितलंस त्याचा राग अजून आहे," त्या म्हणाल्या, "पण आता कमी आहे." आणि त्याच्यासाठी ताट वाढून आणायला आत गेल्या.

परतताना रिक्षा शीळफाट्याला अडकली. रुचिताचा डोळा लागला होता. मांडीवर फुग्यांचा डबा धरून बसलेल्या रखमाबाई बराच वेळ विचार करत होत्या. त्यांनी शेजारच्या अंगणातून ऐकलं होतं, सगळंच.

"त्यो म्हातारा म्हनत हुता ते काय खरं न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याची उसण नसंल, वात असंल. वाताला लाथ काय करनार?"

"बरोबर आहे, आई," साईनाथ म्हणाला.